पदवीवर साल छापलेलं असतं

ताई, नमस्कार.

माझं वय ३३. मानेवाडा रोडला राहतो, बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर आहे. तीन शिफ्ट चालतात, आठवड्याला बदलतात. २०१० मध्ये बारावी कॉमर्स झालो आणि बी.कॉम.ला प्रवेश घेतला. पहिलं वर्ष निघालं, दुसऱ्या वर्षी अकाउंट्समध्ये अडकलो. त्यातच बाबांना लकवा मारला. २०१३ पासून कामाला लागलो तो आजपर्यंत. २०१८ मध्ये लग्न जमलं तेव्हा मोठ्या काकांनी माझ्या बायोडाटात 'बी.कॉम.' लिहून टाकलं. तेव्हा मी गप्प बसलो, आणि नंतर बोलायची हिंमत झाली नाही. बायको खरोखरच बी.कॉम. आहे. चार वर्षांची मुलगी आहे आम्हाला.

आता कंपनीत सुपरवायझरच्या जागा निघणार आहेत आणि त्याला पदवी लागते. मी बारावी आहे हे कंपनीला माहीत आहे. डिस्टन्समधून गुपचूप पदवी करून टाकावी, म्हणजे नोकरीचंही काम होईल आणि बायकोला सांगितलेलं खोटंही खरं होईल, असं मनात आहे. पण मित्र म्हणतात, ओपनच्या डिग्रीला कोणी विचारत नाही. खरंच चालते का? शिफ्ट सांभाळून होईल का? आणि घरी कळू न देता करता येईल का?

एक वाचक, नागपूर

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले: 'खोटंही खरं होईल.' होणार नाही. पदवी प्रमाणपत्रावर साल छापलेलं असतं. गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष असतं. चार-पाच वर्षांनी ते प्रमाणपत्र तुमच्या हातात येईल तेव्हा त्यावर त्या वर्षाचा आकडा असेल आणि तुमचं लग्न तर २०१८ चं. ते बायकोला दाखवता येणार नाही. सुपरवायझर झाल्याचे पेढे घरी आणाल, पण ज्या कागदामुळे झालात तो कपाटात कपड्यांखाली ठेवावा लागेल. आज एक गोष्ट लपवताय, तेव्हा दोन लपवाव्या लागतील.

आणि लपून करणं जमत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मी एम.ए. दूरशिक्षणातून केलं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. घरात खोटं काही बोलले नव्हते, पण हसतील या भीतीने सांगितलंही नव्हतं. पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा सासरे समोरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. 'कोणाचं गं?' म्हणाले. मी म्हटलं, शेजारच्या मुलीचं आहे. त्यानंतर ती पुस्तकं गव्हाच्या कोठीमागे राहिली. दुपारी सगळे आडवे झाले की काढायची. कूलरच्या घरघरीत पान उलटल्याचा आवाज कोणाला जात नसे. पहिले काही महिने असे निघाले, आणि मला वाटलं की जमलं.

मग जूनच्या परीक्षेचं वेळापत्रक आलं आणि त्याच सुमारास दिराचा साखरपुडा ठरला. तारीख ठरत होती तेव्हा मी त्याच खोलीत शेंगा सोलत बसले होते. 'अकरा तारीख चांगली आहे,' कोणी तरी म्हणालं. अकराला माझा पेपर होता. 'अकरा नको' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. नाही बोलले, कारण पुढे 'का?' आलं असतं. पेपर बुडाला. साखरपुड्याच्या रात्री भांडी आवरताना सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, 'मग पुढचा पेपर कधी?' पुढच्या वेळापत्रकावर त्यांनी मला लाल पेनने खुणा करायला लावल्या आणि तो कागद माठाच्या वर भिंतीला चिकटवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लाल खूण कळायची. फोनवर पाहुण्यांना सांगायच्या, 'एकोणीस तारखेनंतर या जी, आमच्या सूनबाईचे पेपर आहेत.' पदवी माझ्या नावावर आहे, पण त्या लाल खुणांशिवाय ती झाली नसती.

कॉलेजात घंटा होते, हजेरी लागते, बाजूच्या बाकावर कोणी तरी असतं. दूरशिक्षणात यातलं काहीच नसतं. 'आज बस अभ्यासाला' असं म्हणणारं माणूस घरातलंच लागतं. तुम्ही नेमकं त्याच माणसापासून लपवायला निघालात. शिवाय व्यवहाराचं बघा: पुस्तकं टपालाने घरी येतात, विद्यापीठाचे मेसेज फोनवर येत राहतात, असाइनमेंट हाताने लिहायच्या म्हटलं की टेबलावर कागदांचा गठ्ठा होतो, आणि परीक्षा एका दिवसात संपत नाही, दोन-तीन आठवडे पसरलेली असते. चार वर्षांची मुलगीच पहिल्यांदा सांगेल, 'बाबा लिहितात.'

आता तुमच्या मित्रांचं. ओपनच्या डिग्रीला कोणी विचारत नाही, हे आपल्याकडे मी वीस वर्षं ऐकतेय आणि दर वेळी राग येतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आपलं इग्नू, १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने झालं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांत तुम्ही अगदी पहिल्या रांगेत बसता: घरात आजारपण आलं म्हणून शिक्षण सुटलेला कमावता मुलगा. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, २०२० ची नियमावली आहे. मान्यता असलेल्या विद्यापीठातून मान्यता असलेला अभ्यासक्रम दूरशिक्षणाने केला, तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा एकदा जाहीरही केलं. एमपीएससी, यूपीएससीला ही पदवी चालते. पुढे एम.कॉम.ला प्रवेश मिळतो.

खासगी कंपनीचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी तुम्हाला नुसता धीर देणार नाही. काही कंपन्या बढतीच्या परिपत्रकात 'फुल टाइम' किंवा 'रेग्युलर' असा शब्द घालतात. म्हणून फी भरायच्या आधी एचआरला ईमेलने विचारा: यूजीसीमान्य मुक्त विद्यापीठाची पदवी या जागेला चालेल का, आणि कोणत्याही शाखेची चालेल का. उत्तर ईमेलनेच मागा. 'अरे चालते, चालते' हे तोंडी उत्तर, सांगणारा माणूस बदली होऊन गेला की कोणाला आठवत नाही. आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. आता निघणाऱ्या जागा तुमच्या पदवीच्या आधी भरून जातील. तुम्ही पुढच्या खेपेसाठी तयार होताय.

मान्यता तपासायला एक संध्याकाळ पुरते. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशाचं सत्र, हे तिन्ही पाहायचं. नुसतं विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणजे झालं असं नाही, कारण मान्यता अभ्यासक्रमागणिक असते. आता प्रवेशाआधी तुमचा स्वतःचा डेब आयडी, म्हणजे या ब्यूरोकडचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो आणि त्याला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट (श्रेयांक) जमा होतात त्या श्रेयांक बँकेचा, आयडी जोडावा लागतो. दोन्ही मोबाइलवर ओटीपीने निघतात. जो कोणी म्हणेल की याची काही गरज नाही, आम्ही सगळं करून देतो, त्याच्या दुकानाची पायरी चढू नका. 'एका वर्षात पदवी', 'मागच्या सालाची पदवी' असले फलक आपल्या शहरातही दिसतात. तुमच्या मनात जे चाललंय, त्याला मागच्या सालाचा कागद किती गोड वाटेल हे मला कळतं, म्हणून जरा कडक लिहिते: ती पदवी नसते, तो गुन्हा असतो, आणि कंपनीने पडताळणी केली की आहे ती नोकरीही जाते. यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढते, तिच्यात नागपूरच्या पत्त्याचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. फी फक्त विद्यापीठाच्या पोर्टलवर भरा, आणि पावती स्वतःच्या ईमेलवर येऊ द्या.

इग्नू की नाशिक? दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत, त्यामुळे अडलं तर जाऊन विचारता येतं. इग्नूला जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. पुस्तकं चांगली आहेत आणि ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात, पण ती प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदीत. नाशिकच्या विद्यापीठाची पुस्तकं मराठीत आहेत आणि अभ्यास केंद्रं शहरातल्या कॉलेजांमधूनच चालतात. तुमचं पत्र ज्या सहजतेने मराठीत लिहिलंय ते पाहून मी नाशिककडे झुकते. पण ठरवण्याआधी एक करा: ई-ज्ञानकोशावरून बी.कॉम.च्या अकाउंटिंगचा एक धडा काढा, नाशिकच्या पुस्तकातला तोच धडा कोणाकडून मिळवा, आणि दोन्ही कंपनीच्या बसमध्ये वाचून पाहा. कुठे डोळे मिटले आणि कुठे पुढचं पान उलटलं, त्यावरून कळेल.

तुमचं जुनं पहिलं वर्ष धरलं जाईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण आशा असणार. सोडून द्या. श्रेयांक बँकेत जमा असलेले क्रेडिटसुद्धा सात वर्षांपर्यंतच चालतात, आणि तुमचं वर्ष ती बँक सुरू व्हायच्या कितीतरी आधीचं. पहिल्या पानापासून सुरुवात करा. बारा वर्षांनी ते बरंच असतं.

वेळेचा हिशेब मात्र नीट मांडू. एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात: वाचन, असाइनमेंट, संपर्क सत्र, सगळं मिळून. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट. म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांत बसवायचे तर रोजचे सव्वातीन तास, रविवार आणि दिवाळी धरून. शिफ्ट करणाऱ्या आणि लहान मूल असलेल्या माणसाला ते जमत नाही, आणि पहिल्याच सत्रात सगळे पेपर अंगावर घेऊन सगळे बुडाले की माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. मी समुपदेशनाला बसायची तेव्हा असे कितीतरी जण पाहिले. हेच ३६०० तास पाच वर्षांत पसरले की रोजचे दोन तास होतात. इग्नूत तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. नाशिकच्या माहितीपुस्तिकेतही नोंदणीची मुदत दिलेली असते, ती आधी बघा. तुम्ही पाच धरा.

हे दोन तास रोज सारखे येणार नाहीत. तुमच्या तीन शिफ्टचं म्हणाल तर दुपारच्या शिफ्टचा आठवडा सोन्यासारखा. सकाळी साडेसहा ते नऊ, ऊन चढायच्या आत, नवीन धडे तेव्हाच. सकाळच्या शिफ्टला संध्याकाळचा तास-दीड तास मिळाला तरी पुष्कळ. नाइटच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका, डोक्यात शिरत नाही आणि मग आपण मठ्ठ आहोत असं वाटायला लागतं. त्या आठवड्यात असाइनमेंट उतरवा, वाचलेलंच पुन्हा चाळा, आणि झोपा. वर्धा रोडवरचा बसचा जाण्या-येण्याचा वेळ रोज मिळतोच, तो उजळणीला ठेवा.

असाइनमेंटकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच सगळं फसतं. इग्नूत साधारण ३० टक्के भार असाइनमेंटला आणि ७० टक्के परीक्षेला असतो, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पेपर उत्तम गेला पण असाइनमेंट द्यायची राहिली, तर तो विषय अपूर्णच राहतो. माझी एक असाइनमेंट अभ्यास केंद्रात गहाळ झाली होती. दिली होती, पण पोच घेतली नव्हती. 'आमच्याकडे आलीच नाही' म्हणाले, मी काय दाखवणार? बावीस पानं पुन्हा लिहिली, जागून. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा, आणि पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन भरली तर 'सबमिट झालं' या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणि हात. बारा वर्षांत तुम्ही सलग किती लिहिलं असेल? सहीपलीकडे फारसं नाही. तीन तासांच्या पेपरात पहिला धक्का अभ्यासाचा बसत नाही, बोटांचा बसतो. माझ्या पहिल्या पेपरात चाळिसाव्या मिनिटाला अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, तासाभराने अक्षर रेषेच्या खाली घसरायला लागलं, आणि शेवटचा प्रश्न येत असूनही मी अर्धा सोडला. म्हणून आजपासून रोज एक पान लिहा, काहीही, पण घड्याळ लावून. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात दर सुटीच्या दिवशी एक तास सलग. जाड पकडीचं पेन घ्या, आणि तेच पेन परीक्षेला न्या.

जूनचा पेपर असेल तर नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगू. दुपारच्या पेपरला दीड वाजता बाहेर पडावं लागतं. दुपट्टा, पाण्याची बाटली, खिशात कांदा ठेवत असाल तर तोही. वेळापत्रक आलं त्याच दिवशी रजेचा अर्ज द्या. ऑपरेटरची रजा आयत्या वेळी कशी मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि हे सगळं गुपचूप करणार असाल, तर बायकोला रोज 'ड्युटीला चाललो' म्हणून डबा भरायला लावणार, आणि तो डबा परीक्षा केंद्राच्या आवारातल्या झाडाखाली बसून खाणार. असा घास गिळता येईल तुम्हाला?

तेव्हा बायकोला सांगा. कधी आणि कसं, एवढंच राहिलं. 'पदवीला प्रवेश घेतोय' ही गोष्ट पुढे करून तिच्या मागे खोटं सरकवून देऊ नका. त्यांच्या लक्षात येईल आणि त्याचंच जास्त दुःख होईल. आधी चूक, एका वाक्यात: बायोडाटात बी.कॉम. लिहिलं होतं, ते खरं नव्हतं, मला तेव्हाच माहीत होतं. काकांनी लिहिलं हे खरं आहे, पण ते नंतर, विचारलं तरच. त्या एका दिवसाचा दोष काकांकडे जातो, पुढची सात वर्षं तुमची आहेत. मुलगी झोपल्यावर सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सुटी असेल अशा रात्री, कारण सांगून नाइटला निघून जायचं नाही. त्या रागावतील, रडतील, कदाचित काही दिवस बोलणार नाहीत. माहेरी सांगायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. 'घरातली गोष्ट घरातच ठेव' असं त्यांना म्हणू नका, ती मागणी करायची तुमची जागा नाही. आणि त्या गप्प असतील त्या दिवसांत तुम्ही काम थांबवू नका: एचआरला ईमेल पाठवा, डेब आयडी काढा, रोजचं एक पान लिहा. उघड्यावर, जेवणाच्या टेबलावर, त्यांना दिसेल असं.

शाखा कोणती, याचं माझं मत मी मुद्दाम शेवटी ठेवलं. एचआरने 'कोणतीही शाखा चालेल' म्हटलं तर बी.ए. सोपं वाटेल आणि मित्रही तेच सुचवतील. मला वाटतं, तुम्ही बी.कॉम.च घ्यावं. तुम्ही अडकलात तो विषय अकाउंट्सचा, आणि तुमच्या घरात बी.कॉम. झालेलं एक माणूस आहे. रोजकीर्द झाली, खतावणी झाली, आणि तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळत नाहीये अशी एखादी रात्र नक्की येईल. तेव्हा वही घेऊन त्यांच्यापुढे बसा आणि विचारा, कुठे चुकलं ते.